सरांचं नाक

आमच्या लॅबमधल्या सरांचं नाक नगरमध्ये प्रसिद्ध होतं. जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण उचलून ते एकदा हुंगायचे आणि जंतूचं नाव सांगायचे. असं करू नये, हे पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं, आणि जुनी माणसं सर्रास करतात. मी चिडायचे, ते हसायचे.

एकदा काष्टीकडच्या एका शेतकऱ्याच्या जांघेतल्या गाठीचा पू तपासायला आला. ताप कधीपासून आहे, असं विचारलं तर त्याची बायको जाता जाता बोलून गेली, "कांद्याच्या चाळीत उंदरं लई मरून पडल्यात, मॅडम." मी हो हो केलं आणि विसरून गेले.

दुसऱ्या सकाळी प्लेटवर ठिपके उगवले होते. सरांनी सवयीने नाक आत घातलं. "वास न्हाई काही," म्हणत प्लेट माझ्याकडे सरकवली. मी त्यातला कण काचपट्टीवर घेऊन रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली बघितला. आखूड काड्या, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका, मिटलेल्या सेफ्टी पिनसारख्या. परीक्षेसाठी घोकलेलं चित्र. जांघेत गाठ, ताप, मेलेले उंदीर. प्लेग!

असे दिसणारे जंतू आणखीही आहेत, हे मला ठाऊक होतं. पण खात्री करायला प्लेट पुन्हा उघडावी लागली असती, आणि तेवढी बंदिस्त सोय आमच्याकडे नव्हती. वॉर्डात कळवलं, तिथे रुग्णाला वेगळं ठेवून औषध सुरू झालं. प्लेट सील करून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. आम्ही दोघांनीही गोळ्या सुरू केल्या. हा जंतू श्वासातून छातीत उतरला तर माणूस बघता बघता जातो. सरांच्या घरी तान्ही नात. ते घरी गेलेच नाहीत, लॅबच्या वरच्या खोलीत राहिले. त्यांची बायको जिन्यात डबा ठेवून जायची.

मला काही केल्या स्वस्थ बसवेना. सारखी जिन्यात जाऊन ओरडायचे, "खोकला?"

"न्हाई."

"ताप?"

"अगं, आत्ताच बघितला ना!"

प्लेगचा जंतू सावकाश वाढतो, हा एका रात्रीत वाढला, म्हणजे तो नसेल, अशी मनाची समजूत घालायची. पुढच्याच क्षणी ती पटेनाशी व्हायची. वरून मात्र निरोप यायचा, "हिला सांग, भाजी झकास झाली होती." मला भयंकर राग यायचा. भीती काय मी एकटीनेच बाळगायची?

शेवटी रिपोर्ट आला. प्लेग नव्हता. मांजराच्या तोंडात असणारा पाश्चरेला नावाचा जंतू होता. मी त्या बाईला फोन लावला. मालकांना मांजर चावलं होतं का?

"व्हय की, पायाला. चाळीतली उंदरं बी त्यानंच मारली. त्याचं काय एवढं?"

मी हसत, रडत वर धावले. सर जेवत होते. त्यांना सगळं सांगितलं आणि बोलता बोलता एकदम भांडायलाच लागले. "पाश्चरेलाला वास असतो, सर! कुबट, उंदराच्या बिळासारखा. तुम्हीच शिकवलंत मला. त्याच सकाळी शंका आली असती. वास नाही कसं म्हणालात?"

त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"कोरोनापासून मला वास येतच न्हाई गं. कशाचाच न्हाई. रंग बघून नावं सांगतो. चवही गेली."

मी डब्याकडे बघितलं. मेथी होती. खाली जिन्यात पावलं वाजली, त्यांची बायको रिकामा डबा न्यायला आली होती.

"हिला सांग," सर हळूच म्हणाले, "झकास झाली होती."