अकरा जणांचा रस्ता

आंधळगावात आम्ही अकरा पोरं पोलिस भरतीसाठी धावायला लागलो, तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन सहा-सात वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा झाला म्हणून जागाही अर्ध्याच निघतात, असं कोणीतरी सांगायचं आणि त्या रागात आम्ही आणखी एक फेरी मारायचो.

अकरांत सगळ्यात पुढे ताराचंद शहारे. काटक, सावळा, लांब पायांचा. बाप तो शाळेत असतानाच गेलेला. मोठी बहीण रिता अड्याळला दिलेली. घरात तो आणि त्याची आई शकुनबाई. आई धानाच्या रोवणीला, कापणीला मजुरीनं जायची आणि ताराचंद राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचा. मी विणकराच्या घरचा. दिवसभर मागावर बसून माझे पाय आखडलेले असत, म्हणून मी कायम शेवटी. ताराचंद मोहाडी रस्त्यावरच्या पुलापर्यंत जाऊन परत मागे यायचा आणि मला सोबत घेऊन पुन्हा पुलापर्यंत जायचा. म्हणजे आमच्यापेक्षा तो रोज दीडपट धावत असे.

मिल गावाबाहेर, मोहाडी रस्त्यावर. समोर कोंड्याच्या ढिगावर सात-आठ कुत्री पडलेली असत. आम्ही अकरा जण दणदण पाय आपटत जायचो, तेव्हा त्यांतलं एखादं कान हलवी, बस. तिथं कुत्री आहेत हे माझ्या कधी ध्यानातही राहिलं नाही.

पहिल्या वर्षी दोघं लागले. एक नागपूरला कंपनीत गेला. एकाचं लग्न ठरलं आणि त्याचं उठणं बंद झालं. दोघं सैन्यात गेले. असं दरवर्षी कोणी ना कोणी कमी होत गेलं. ताराचंद मैदानात पैकीच्या पैकी घ्यायचा आणि लेखी परीक्षेत अडकायचा. एकदा दोनच मार्कांनी राहिला. शेवटी आम्ही दोघंच उरलो, मी आणि तो. २०११ ला यादी लागली, ती वाचली त्यानंच. स्वतःचं नाव नाही हे पाहून झाल्यावर त्यानं बोट पुन्हा वर नेलं आणि माझं नाव शोधलं. "विनोद, तू लागला," एवढंच म्हणाला आणि माझा हात धरून तसाच उभा राहिला.

मी ट्रेनिंगला गेलो. आठवडाभरानं त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आज मिलजवळ कुत्र्यांनी घेरलं मले."

मी हसलो. एवढी वर्षं ज्यांनी मान वर केली नाही ती कुत्री आता याला घेरतात, हे मला गमतीचं वाटलं. तोही हसला. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक तांबडा कुत्रा आहे, तो आधी उठतो. त्याच्या मागं बाकीचे. मिलच्या फाटकापासून पुढच्या वडाच्या झाडापर्यंत पाठीमागं येतात. मग तो सगळा जोर लावून पळतो आणि वड ओलांडला की ते थांबतात. दर फोनला कुत्र्यांची बातमी असायची. आज चारच होते. आज तांबडा दिसला नाही. मी ऐकायचो आणि माझं सांगायचो. माझी पोस्टिंग गडचिरोलीला झाली होती, मला सांगायला पुष्कळ होतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

शकुनबाई असेपर्यंत बरं होतं. तो परत येईपर्यंत ती चुलीवर चहा ठेवून ओट्यावर बसलेली असायची. उशीर झाला तर शेजारच्या निर्मलाबाईला हाक मारून म्हणायची, "पोरगा अजून नाही आला वो." २०१६ च्या पावसाळ्यात ती गेली. मी मातीला पोचलो नाही, तेरवीला गेलो. त्या दिवशी ताराचंद मला म्हणाला की आता सकाळी आपण गेलो काय आणि परत आलो काय, कोणाला समजतच नाही.

त्यावरून आमचं एक ठरलं. धावून घरी पोचला की तो मला मिस कॉल देणार. मी उचलायचा नाही. साडेसहाच्या आसपास फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. मी कधी अंघोळीत असायचो, कधी ड्युटीवर, कधी जंगलात, जिथं फोनला रेंजच नसायची. मला त्याची सवय झाली आणि सवय झाली म्हणून माझं त्याकडे लक्ष राहिलं नाही.

तेहतीस पूर्ण झाली आणि त्याचं भरतीचं वय संपलं. आता धावण्याला कारण नव्हतं. मिलमधले लोक विचारत, कायले जातेस आता? तो म्हणायचा, आदत पडली. पण आदत म्हणून पहाटे चारला उठून गार पाण्यानं तोंड धुणारा माणूस लोकांना जरा विचित्रच वाटतो. लग्नाचं दोन-तीन ठिकाणी बोलणं झालं होतं. मुलीकडचे येऊन गेले, नोकरी कायमची आहे का विचारून गेले. रितानं पुष्कळ केलं, मग तिच्याही संसाराचं लागलं.

२०१९ च्या जानेवारीत त्याला कुत्रं चावलं.

मला हे सगळं नंतर, तुकड्यातुकड्यांत कळलं. थंडी जोराची होती. मिलसमोर एक ट्रॉली उभी होती आणि ट्रॉलीखाली एका काळ्या कुत्रीनं पिलं घातली होती. ताराचंदला ते ठाऊक नव्हतं. तांबडा उठला तसा तो नेहमीसारखा जोर लावून पळाला आणि ट्रॉलीला खेटून वळला. काळी खालून आली ती आवाज न करता. तिनं उजव्या पायाची पिंडरी धरली. तो तोंडावर पडला. पडल्यावर बाकीचे आले. त्यानं दोन्ही हातांनी मान आणि तोंड झाकलं, पाय पोटाशी घेतले आणि तसाच पडून राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नाही. तो हलला नाही म्हणून की कोणाच्या गाडीचा उजेड पडला म्हणून, कुत्री बाजूला झाली. गाडी मात्र थांबली नाही.

कुत्रं चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हे आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं त्यानं वाचलं होतं. लंगडत तो शाळेजवळच्या हातपंपावर आला. दगडावर कोणीतरी विसरलेला कपड्याच्या साबणाचा तुकडा होता. पण हातपंप एकट्यानं चालवून एकट्यानं पाय धुता येत नाही. दांडा मारायला एक लागतो आणि पाण्याखाली बसायला दुसरा. त्यानं दहा-बारा वेळा दांडा मारायचा, मग उडी मारून तोटीखाली पाय न्यायचा. तेवढ्यात धार बारीक व्हायची. साबण लावायचा, पुन्हा दांड्याकडे जायचं. उजव्या पायावर भार देता येत नव्हता. मला हे सांगताना तो म्हणाला, "पंधरा मिनटं कशी मोजावी समजत नव्हतं. उजाडेपर्यंत तेच करून राहिलो."

मग भाजीवाल्याच्या ऑटोत बसून तो मोहाडीच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या सिस्टरनं जखम पाहिली, हळद-चुना काही लावलं नाही ना विचारलं, धुतली हे चांगलं केलं म्हणाली. दंडावर सुई दिली. जखम खोल होती, म्हणून जखमेतच द्यायची दुसरी सुई घ्यायला भंडाऱ्याला पाठवलं. कागदावर पुढच्या तारखा लिहिल्या, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. एकही चुकवायची नाही म्हणून बजावलं. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "संगं कोण आहे?"

"बाहेर उभे आहेत," ताराचंद म्हणाला.

बाहेर कोणी नव्हतं. चारही वेळा तो एकटाच गेला आणि एकटाच आला.

मला कळलं तेव्हा सहावा दिवस होता. सुट्टीचा अर्ज लिहायला बसलो होतो, तारीख पाहायला फोन उघडला आणि दिसलं की त्याचा शेवटचा मिस कॉल मागच्या आठवड्यातला आहे. मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला आणि म्हणाला की तसं काही नाही, थोडं कुत्रं चावलं. मी खूप चिडलो. सांगितलं काहून नाही म्हणून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "घरी पोचल्यावरच द्याचा होता ना कॉल. त्या दिवशी मी घरी पोचलोच नाही सकाळी. मंग दुसऱ्या दिवसापासून धावलोच नाही."



दोन महिने तो धावला नाही. जखम भरली, पण मिलसमोरचा रस्ता त्यानं सोडला, कामावरसुद्धा तो शाळेमागून लांबून जायचा. कुत्र्याचं भुंकणं दूर कुठं ऐकलं तरी घरात उठून उभा राहायचा. सकाळी चारला डोळे मात्र उघडायचेच. मग उजाडेपर्यंत तो खाटेवर बसून राहायचा.

त्याला यातून काढलं कवडूजीनं. कवडूजी गावातला म्हातारा गुराखी, सत्तरीचा, बायको-पोरं कोणी नाही. पन्नास वर्षं लोकांची ढोरं घेऊन तो त्याच रस्त्यानं जात होता आणि त्याला कधी कुत्रं चावलं नव्हतं. एकदा शाळेमागच्या वाटेनं लपतछपत कामावर जाणारा ताराचंद त्याला दिसला. त्यानं विचारलं, यानं खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ढोरं सोडायच्या आधी कवडूजी त्याला मिलसमोर घेऊन गेला. हात धरून नेलं, लहान मुलाला नेतात तसं.

"त्याईले तुया राग नाही, बाबू," कवडूजी म्हणाला. "जे पळते त्याच्या मागं ते पळते. तू थांबून पाह्य."

तांबडा उठला. ताराचंदचे पाय पळायला निघाले. म्हाताऱ्यानं हात सोडला नाही. उभा राहा म्हणाला. हात खाली ठेव, हलवू नको. त्याच्या डोळ्यांत पाहू नको, जमिनीकडे पाहा, पण तो कुठं आहे ते नजरेच्या कोपऱ्यात ठेव. अंग थोडं तिरपं कर. पाठ दाखवू नको. तांबडा चार हातांवर येऊन भुंकत राहिला. बाकीचे मागं थांबले. कवडूजीनं जाड आवाजात एकदाच "हट" म्हटलं, ढोराला म्हणतात तसं. मग एक एक पाऊल मागे आणि बाजूला. तांबडा थोडा भुंकला आणि कोंड्यावर जाऊन बसला.

गोटा उचलल्यासारखं नुसतं वाकलं तरी पुष्कळ कुत्री मागं होतात, असंही त्यानं सांगितलं. पण गोटा मारायचा नाही. मारला की हात रिकामा होतो आणि कुत्र्याला ते समजतं. अंगावर आलंच तर पिशवी, चप्पल, जे असेल ते मधात धरायचं. आणि पिलं दिसली तर तो रस्ताच सोडायचा, तिथं शहाणपण करायचं नाही. असे आठ-दहा दिवस ते दोघं सकाळी मिलसमोर जाऊन उभे राहत. मिलचे हमाल पाहत आणि हसत. ताराचंदनं मला सांगितलं की आई गेल्यापासून त्याचा हात कोणी धरला नव्हता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात कवडूजी वारला.

त्यानंतरची दोन वर्षं, कोरोनाच्या बंदीच्या काळात, मी गावी गेलो नाही. गेलो ते २०२२ च्या डिसेंबरात. ताराचंद सदतीस वर्षांचा झाला होता. कानाजवळचे केस पांढरे, बाकी अंग तसंच. मी म्हटलं, उद्या सकाळी मीही येतो. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं.

सकाळी आम्ही निघालो. मोहाडी रस्त्यावर भरतीची नवीन पोरं धावत होती, पंधरा-वीस तरी असतील. चांगले बूट, कानात वायर. ताराचंदला पाहून एकानं हात वर केला. मी विचारलं, यांच्यासोबत काहून नाही धावत? घोळक्यात कुत्र्यांची भीती नाही. तो म्हणाला की त्यांनी कधी बोलावलं नाही. त्यांचा काका दिसतो मी, असंही म्हणाला.

कवडूजी गेल्यावर त्यानं रस्ता बदलला होता. मिलच्या अलीकडून तो नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर चढायचा. पाळीवर वस्ती नाही, कोंबडीचं दुकान नाही, ढाबा नाही, म्हणून कुत्री नाहीत. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवंगार उगवलं होतं आणि वर धुकं होतं. आमच्या पावलांशिवाय आवाज नव्हता. अर्ध्या तासात एक माणूस दिसला नाही. मी म्हटलं, इथं पडला-झडला तर? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, इथं कुत्रं नाही.

मी दोन किलोमीटरवर बसलो. तो थोडा पुढे गेला, वळला आणि माझ्याकडे परत आला. मला उठवायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, मला जमत नाही आता. मग तो माझ्याशेजारी बसला. बसल्याबसल्या मी त्याला विचारलं, खरं सांग, आता कायले धावतोस.



"घरी बसलो तं सकाळ सरतच नाही, विनोद," तो म्हणाला. "धावलो का सात वाजते. सातले मिल उघडते."

एवढं बोलून तो उठला. अजून फेरी बाकी आहे म्हणाला, तू बस इथं. आणि पाळीवरून पुढे गेला. धुक्यात थोड्या अंतरावर त्याचा पांढरा बनियन दिसेनासा झाला, पावलांचा आवाज मात्र पुष्कळ वेळ येत राहिला. माझी परतीची गाडी साडेनऊची होती. तो परत येईपर्यंत मी थंडीत कुडकुडत तिथंच बसून राहिलो.