वैद्यबुवांनी खाल्लेला भात

वैद्यबुवा रोग्याच्या छातीला कान लावत, तो इतका वेळ, की पाहणाऱ्याला वाटे बुवांना डुलकी लागली. टेंभी नाक्यावरच्या एका म्हाताऱ्याने एकदा विचारलेही, "बुवा, उशी देऊ का?" बुवांनी डोळे न उघडता सांगितले, "गप्प राहा. तुमच्यापेक्षा तुमची छाती खरं बोलते."

ही राणीच्या राज्यातली गोष्ट. बुवा कल्याणचे, आठवड्यातून एकदा आगगाडीने ठाण्यास येत. सोवळे असे कडक, की परक्या घरी पाणीही पीत नसत. नाडी वाडवडिलांच्या रीतीने पाहत, पण छाती बोटांनी ठोकून पाहणे ते सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून शिकले होते. बायका मडके घेताना वाजवून पाहतात, तसे ते बरगड्या वाजवत. कुणी नाक मुरडले, तर म्हणत, "विद्येला विटाळ नसतो."

मी तेव्हा ठाण्यास मिठाच्या कचेरीत कारकून होतो. माझी यमू सात वर्षांची. तिला खोकला लागला, अंग झडले, एके दिवशी थुंकीत रक्त दिसले. बुवा म्हणाले, "क्षय." मग रीतीप्रमाणे तिचे अंथरूण पडवीत गेले, ताटवाटी वेगळी झाली. धाकटा अंगावर पीत होता, म्हणून माझ्या पत्नीला, जानकीला, यमूजवळ जायची बुवांनी सक्त मनाई केली. यमू हाका मारी आणि जानकी दाराआडून तिची समजूत घाली. असे चार महिने चालले.

पण बुवांनाच चैन नव्हते. "संध्याकाळचा ताप चढत नाही. एक बाजू तेवढी दगडासारखी वाजते. हा क्षय कसला?" असे पुटपुटत. अखेर तेच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात गाठ वाढते आहे; मोठ्या माणसांत एखाददुसरी पाहिली, एवढ्याशा मुलीत कधीच नाही. त्या गाठीला औषध नव्हते. मात्र ती एकाची दुसऱ्याला लागत नव्हती.

घरी येताच बुवा ओसरीवर उभे राहून म्हणाले, "माझी चूक झाली. पोरीला आईजवळ द्या."

माझ्या आईला पटेना. "आज क्षय म्हणता, उद्या गाठ म्हणता. तान्ह्याला काही झालं तर?"

बुवांनी वाद घातला नाही. यमूच्या ताटलीत सकाळचा मऊ भात उरला होता. तो सोवळा माणूस पडवीत मांडी घालून बसला आणि त्याने तो उष्टा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. माझी आई दारातून बाजूला झाली.

यमू पुढे अठरा दिवस जगली. जानकीच्या मांडीवरच गेली.

मला बुवांचा राग आला नाही असे नाही; पण स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगणारा वैद्य मी दुसरा पाहिला नाही. महिन्याभराने ते भेटायला आले. जानकी बाहेर आली. मला वाटले, ती नेहमीसारखी पाया पडेल. ती समोर बसली आणि म्हणाली, "बुवा, चार महिने ती मला हाका मारत होती. मी तुमचं ऐकलं, तिचं नाही ऐकलं."

दिवेलागणीपर्यंत बुवा मान खाली घालून बसून राहिले, आणि जानकीही उठून आत गेली नाही.