मोठ्या बोरचा ब्लॉक

लाखांदूरपासून कोसभर आत, तलावाच्या पारेखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, ढिवरांची वीसेक घरं होती. रेवताबाई तिथलीच. डोक्यावर माशांची टोपली घेऊन ती एसटीत चढली की माणसांचे रुमाल नाकाला जात. आणि तीच माणसं बाजाराच्या दिवशी तिच्याशी घासाघीस करून मरळ घरी नेत. तिला माशाच्या वासाची कधी किळस आली नाही. या रुमालांची यायची.

म्हणूनच तिच्या नवऱ्यानं, मुरारीनं, ब्याऐंशी साली एका जुन्या मोटारसायकलचा मागचा भाग कापून तिथे दोन चाकं आणि माल ठेवायला लाकडी साटा बसवून घेतला. वस्तीत त्या गाडीला 'तिनचाकी' म्हणत. उन्हाळ्यात तलाव आटला की ती थेट तलावाच्या पोटात उतरायची, जाळ्याशेजारी उभी राहायची आणि रोहू, मरळ, झिंगे भरून वर यायची.

यायची म्हणजे, येता येईल तशी. आठ टोपल्या भरल्या की इंजिन रडायला लागे. चाकं काळ्या, चिकट कन्हार मातीच्या गाळात फिरत राहत आणि मागून ढकलणाऱ्या रेवताबाईच्या तोंडावर चिखल उडे. तिच्या दातांत रेती, घशात धूर. पुढे बसलेला मुरारी ओरडे, "जोर लाव ना वो!"

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत दोघं इंजिनची ताकद वाढवायला भंडाऱ्याला गेली. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या धनीरामनं दोन वस्तू समोर ठेवल्या. एक थोडा मोठा पिस्टन, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो जुनाच ब्लॉक आतून जरासा कोरून त्यात बसवायचा. दुसरा अख्खा मोठ्या बोरचा, म्हणजे रुंद पोकळीचा ब्लॉक, पिस्टनसकट, कुठल्याशा खरादीनं घरच्या लेथवर घडवलेला.

"हे टाका, घोडा होईल घोडा," धनीराम मुरारीला म्हणाला. रेवताबाईकडे त्यानं पाहिलंही नाही.

तिनं मोठा ब्लॉक उचलला आणि त्याच्या काठावरून बोट फिरवलं. "याची भिंत पातर हाये," ती म्हणाली. "तापल्यावर काय होते?"

"बाईले काय समजते यातलं?" धनीराम हसला. मुरारीही हसला. दुकानदाराच्या हसण्याचं तिला काही वाटलं नाही, पण नवरा हसला तसा तिनं ब्लॉक खाली ठेवला.

तिनं हट्ट धरून नवऱ्याला टिकाराम मिस्त्रीकडे नेलं. त्याचं गॅरेज बसस्टँडमागे होतं. टिकारामनं आधी एकच विचारलं, "पळवायची हाये का ओढायची?"

"ओढायची, मिस्त्री भाऊ. गाळातून." धनीरामकडच्या ब्लॉकची भिंत पातळ असल्याचंही तिनं सांगितलं.

"मंग मोठा बोर कायले? गाळात गाडी हळू चालते, इंजिनले हवा लागत नाई. जितका मोठा बोर तितकी गरमी. तो पातर ब्लॉक पिस्टनले धरून बसन, इंजिन जाम. जुनाच ब्लॉक थोडा बोर करा, मागचं चेनचं चाक मोठं टाका. वेग कमी होईन, पण ओढ वाढन."

मुरारीनं मान डोलावली. ठरलं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन एकटाच भंडाऱ्याला गेला आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "झालं काम. मिस्त्रीनं सांगितलं तसंच केलं."

पुढचे काही आठवडे गाडी सडकेवरून सुसाट पळत होती. मुरारी रिकामा साटा घेऊन गावच्या चकरा मारायचा, पारेवर बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. वेग कमी व्हायला हवा होता, हे रेवताबाईच्या मनात आलं होतं. पण नवरा खोटं कायले बोलन, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

वैशाखात तलावाची मोठी मासेमारी झाली. सगळ्या वस्तीचे मासे साट्यात भरले, वर ओला पाला टाकला. गाडी गाळातून निघाली, पारेच्या चढाला लागली आणि अर्ध्यावर किंचाळून थांबली. किक जागची हलेना. ब्लॉकवर पाणी टाकताच चर्र आवाज झाला आणि जळक्या तेलाचा वास सुटला.

बैलगाडी शोधण्यात दुपार टळली. तोवर पाल्याखालून पाणी गळू लागलं होतं, हिरव्या माश्यांचा थर बसला होता. ज्या बायांनी पहाटेपासून कमरेएवढ्या गाळात उभं राहून जाळं ओढलं होतं, त्याच पदर नाकाशी धरून उभ्या होत्या. रेवताबाईनं खड्डा खणला आणि सगळे मासे स्वतःच्या हातानं त्यात लोटले. मऊ पडलेली पोटं बोटाखाली फुटत होती. मुरारी पळसाखाली बसून बिडी ओढत होता. "नशीब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं तिनचाकी लाखांदूरला नेली आणि तिथून ट्रकवर चढवून टिकारामकडे. त्यानं इंजिन खोललं, ब्लॉक हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हा मी नाई टाकला, वहिनी. मुरारी भाऊ माह्याकडे आलेच नाई."

रेवताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मुरारी म्हणाला, "धनीराम म्हणे घोडा होते. मले वाटलं, तुले कायले सांगा."

"कायले सांगा?" ती म्हणाली. "त्या सडक्या माशाईत हात घातला मी. त्याचीबी एवढी किळस नाई आली."

ती तिथेच बसून राहिली. टिकारामनं धनीरामकडे राहिलेला जुना ब्लॉक बोर करवून आणला, मोठं चेनचाक चढवलं. प्रत्येक नट कसा आवळला, हे तिनं विचारून घेतलं. मग गॅरेजमागच्या मैदानात दोन दिवस गाडी चालवायला शिकली आणि स्वतः हँडल धरून गावात आली. मुरारी मागे साट्यात, टोपल्यांच्या जागी बसला होता. लोक हसले. तिनं मान वळवली नाही.

तिनचाकी मग हळू चालली, पण चढावर कधी थांबली नाही. वस्तीचे मासे उन्हं चढायच्या आत बाजारात पोचू लागले. मुरारी गाळात उतरून ढकलायचा. ती त्याला वेळेवर जेवण वाढायची, पण ताट ठेवून बाहेर जायची. हे वर्षानुवर्षं चाललं.

अठ्ठ्याऐंशीत शेजारच्या इतवारीनंही तिनचाकी बनवली आणि इंजिनचं तिला विचारायला आला. तिनं ओढ आणि वेगातला फरक सांगितला, बोट फिरवून भिंत कशी पाहायची तेही दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आठ दिवसांनी तो सडकेवरून सुसाट गेला, मागे धुराचा लोट.

रेवताबाई दारात जाळं सोडवत बसली होती. तिनं मोठ्या बोरचा तो आवाज ओळखला, बाजूला थुंकली आणि पुढची गाठ सोडवायला घेतली.