नजर लागू नये म्हणून

मुनीर सर गेल्याचं बालाजीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते. ताट तसंच टाकून उठले. सख्ख्या काकांसाठी रडले नव्हते इतकी रडले. परंड्यात एसटी स्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. बालाजी आणि मी तिथलेच. आमच्या गावात प्रोग्रॅमिंग आणलं ते सरांनी, आणि मला स्वतःबद्दल जे काही वाटत आलं तेही त्यांनीच दिलेलं. तरी हे लिहितेय ते ऋण फेडायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

लाइट सारखी जायची. गेली की सर म्हणायचे, "मशीन बंद, डोकं चालू!" आणि खडूनं फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे. तो मनातल्या मनात चालवून उत्तर काय येईल ते आम्ही सांगायचं. मी ओळ न् ओळ उतरवून, बोटांवर मोजून उत्तर काढायची आणि ते बहुतेकदा बरोबर यायचं. सुवर्णा नावाची एक मुलगी जवळच्या खेड्यातून यायची. सरांनी खडू खाली ठेवायच्या आत ती म्हणायची, "सर, ह्यो थांबायचाच न्हाय. तिथल्या तिथं फिरत बसंल." सर म्हणायचे, "घाई नको करू बेटा." मला आतून बरं वाटायचं.

क्लास संपला त्या दिवशी सरांनी मला जिन्यात थांबवलं. "बेटा, बाकीचे शिकून करतील. तुझ्यात ते उपजत हाय. लाखात एक. पर कुणाला बोलू नको, नजर लागंल."

मी आईलासुद्धा बोलले नाही. हातात आलेली शाळेतली नोकरी सोडली, दादानं बोलणं टाकलं, तरी पुणं गाठलं. तिथं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करण्यात वर्षं गेली. काम चोख, नाव कुठंच नाही. बरोबरची मुलं पुढं निघून जायची तेव्हा वाटायचं, देणगी तर आहे आपल्यात... मग आपणच आळशी, आपणच करंटे. मनातल्या मनात सरांची माफी मागायची मी!

सरांच्या चाळिसाव्याला आम्ही जुने विद्यार्थी जमलो. जेवणं झाल्यावर बालाजी डोळे पुसत म्हणाला, "आता बोलाय हरकत न्हाय. सर मला म्हणले हुते, तुझ्यात उपजत हाय, लाखात एक." शेजारी बसलेल्या अन्वरच्या हातातला पाण्याचा गलास तसाच राहिला. "मला बी," तो म्हणाला. मग आणखी एकजण, मग आणखी एक. सगळे हसायला लागले. नजरेच्या धाकानं इतकी वर्षं आम्ही सगळेच एकच गुपित जपत होतो. मला काही हसू आलं नाही.

उठून आत गेले. सरांच्या बायकोला आम्ही चाची म्हणतो. विचारलं, "चाची, कुणात किती आहे ते सरांना कळत नव्हतं का हो?"

"कळायचं की गं. सुवर्णाला न्हाय कधी असलं बोलले. म्हणायचे, तिला कशाला सांगायचं, तिचं तिला दिसतंय. बाकीच्या लेकरांचं मन मोडवत न्हाय."

सुवर्णानं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आज आमचं आख्खं ऑफिस चालतं. आणि मी बाकीच्या लेकरांतली. सरांना पारख नसती तर मी एका शब्दानं बोलले नसते. पारख होती, लख्ख होती, आणि तरी ते माझ्याशी खोटं बोलले. त्या खोट्यावर मी आयुष्य बांधलं.

परवा ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, खरं सांगा, माझ्यात आहे का हो काही?" सरांचं वाक्य जसंच्या तसं माझ्या जिभेवर आलं. गिळलं. म्हटलं, "मेहनती आहेस. शिकशील. उपजत म्हणतात तसं मला तरी दिसलं नाही." तिचा चेहरा उतरला. सरांना हाच चेहरा बघवत नसणार. पण सर, तो चेहरा माझा होता... त्या दिवशी जिन्यातच उतरू द्यायचा होता.