प्याल्याआधीची शांतता

माझी माय चटईवरून उठली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भरल्या चर्चमधून मास्तरीणबाईच्या बाकाकडे चालत गेली. कुणी काही बोलत नव्हतं. त्या वेळी बोलायचं नसतंच. तिनं आधी हात जोडले. मग तेवढं पुरणार नाही असं वाटलं असेल, वाकून पायाला हात लावला. मास्तरीणबाईनं पाय मागं घेतले. संकोच वाटला म्हणून नाही. साडी नवी होती.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. माय माझ्यामुळं वाकली होती.

आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा परभणीहून एसटीनं यायचे, तो प्रभुभोजनाचा रविवार. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटण्याआधी सगळ्यांनी देवापुढं शांत बसायचं. डोळे मिटून, हू की चू न करता. त्या शांततेत कुणाला आठवलं की आपलं अमक्याशी वाकडं आहे, तर त्यानं उठायचं, त्याच्याकडे जायचं, हात जोडायचे, समेट करायचा. मनात तेढ ठेवून प्याला घ्यायचा नाही. रीत चांगली होती. मी आजही म्हणते, चांगलीच होती.

फक्त उठायचे ते चटईवरचे. जायचे ते बाकाकडे. बाकावरून उठून चटईकडे आलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. बाकावरच्यांचं कुणाशी वाकडं येतच नसेल. एवढी पवित्र माणसं.

बाकावर कोण आणि चटईवर कोण, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. दाविदमास्तरांचे आजोबा कुणब्यातून ख्रिस्ती झालेले, माझा आजा मांगवाड्यातून. बाप्तिस्म्याचं पाणी एकाच घड्यातलं होतं म्हणे. मास्तर गावच्या शाळेत शिकवायचे आणि चर्चचे पंचही तेच. कारभार त्यांचा, स्मशानाची जागा त्यांच्या शब्दावर. माझी माय चर्च झाडायची, चटया अंथरायची, प्याला घासायची. घासताना प्याला सगळ्यांच्या आधी तिच्या हातात. पिताना सगळ्यांच्या शेवटी.

आणि माझा गुन्हा काय? शांततेच्या वेळी मी एक डोळा किलकिला केला. बघते तर मास्तरीणबाईचे दोन्ही डोळे टक्क उघडे. मान वळवून चटईवर कोण आलं, कोण नाही, ते बघायल्या होत्या. मग त्यांनी मोठी जांभई दिली. हे मी घरी जाताना पोरींना करून दाखवलं. पोरी हसल्या. हसणं मास्तरांच्या घरापर्यंत पोचायला काय उशीर?

पुढच्या खेपेला पाळकसाहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, मास्तरीणबाईचे डोळे उघडे होते हे तुला कसं दिसलं, तुझे तर मिटलेले असतील. बाकं खदखदून हसली. दोघींचेही डोळे उघडे होते, एवढं मला कळत होतं. माफी मात्र माझ्याच आईनं मागितली.

परतताना माय मला मारील असं वाटलं. मारलं नाही. म्हणाली, "पाय धरल्यानं मी काय बारीक झाले का?" मी तिच्याकडे पाहिलं. झाली होती. त्या दिवसापासून मला राग नावाची गोष्ट कळली.

पण माझी माय खरोखर शांत बसणारी बाई होती. पहाटे चूल पेटवायच्या आधी ती भिंतीला टेकून बसायची. ओठ हलायचे नाहीत. मग उठून भाकरी थापायची आणि खुरपायला जायची. मी एकदा विचारलं, देवाला काय मागतेस. ती म्हणाली, "काई न्हाई मागत. दिसभर मालकापुढं उभी ऱ्हाते, घटकाभर ह्याच्यापाशी बसते." मीही तशी बसून पाहायची. जमायचं नाही. डोळे मिटले की मास्तरीणबाईचे मागं घेतलेले पाय दिसायचे. देव दिसायच्या आधी पाय दिसत असतील तर कसली भक्ती आणि कसलं काय.

पुढं मायीच्या छातीनं घात केला. दम लागायचा, झाडू हातात धरवायचा नाही. झाडू माझ्याकडे आला. त्याच्याबरोबर चर्चची किल्लीही.

नामांतराचा ठराव झाला तो पावसाळा. विद्यापीठ कुठं औरंगाबादला, आणि घरं पेटली आमच्या गावात. आमच्यातल्या कुणी त्या विद्यापीठाची पायरीसुद्धा पाहिली नव्हती. बौद्धवाड्यावर माणसं दिवसाढवळ्या चालून गेली. कालपर्यंत ज्यांना राम राम घालायचो तीच माणसं. छपरं पेटली. पुरुष रानात पांगले. बायका लेकरं काखोटीला मारून आमच्या आळीकडे पळत आल्या. पुढं पारूमावशी. मायीच्या बरोबरीनं आयुष्यभर खुरपलेली बाई. तिच्या मागं तिची ओली बाळंतीण सून, पोटाशी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू.

मी चर्च उघडलं. मोठा विचार करून नाही. किल्ली कमरेला होती, दार समोर होतं.

मी म्हटलं, बाकावर बसा, खाली ओल आहे. कुणी बसलं नाही. पारूमावशी म्हणाली, "नगं माय. उद्या तुला बोलतील." घर जळालेली बाई मला बोलणी बसू नयेत म्हणून खाली बसली. माय खोकत खोकत आली, चहाचं भगुनं ठेवून गेली.

दिवस कलताना दाविदमास्तर छत्री घेऊन आले. ओरडले नाहीत. मास्तर कधीच ओरडत नसत. दारात चपला काढल्या, आत पाहिलं आणि म्हणाले, "हे देवाचं घर आहे. इथं शांतता पाहिजे. गावातलं भांडण इथं आणू नका." मी म्हटलं, बाळंतीण आहे, पाऊस आहे, आजच्या दिवस राहू द्या. ते म्हणाले, गावकऱ्यांना कळलं तर चर्चवरही दगड येतील, मग मी काय करू. भीती खरी होती. मी नाही म्हणत नाही. पण भीतीला त्यांनी देवाची शांतता म्हटलं, ते मी विसरणार नाही.

बायका उठल्या. भिजत पूर्णेच्या वाटेला लागल्या.

महिना-दीड महिन्यानं पारूमावशी परतली. सून मागं होती. तिच्या कडेवर काही नव्हतं. लेकरू वाटेतच तापलं होतं आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेलं होतं.

एसट्या सुरळीत झाल्या तसे पाळकसाहेब आले. शनिवारी त्यांनी मला मास्तरांच्या ओसरीवर बोलावलं. गोड बोलले. तू दयेनं केलंस, पण विचारलं नाहीस. मास्तरांचं मन दुखावलंय, गावात त्यांना उत्तर द्यावं लागतंय. उद्या शांततेच्या वेळी उठ, हात जोड, विषय संपला. मी विचारलं, "आन् पारूमावशीकडं कोण उठून जाणार?"

पाळकसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती आपल्या मंडळीतली नाही."

घरी आले तर मायीला सगळं आधीच कळलेलं. ती बाजेवर बसून होती. म्हणाली, "ऊठ माय उद्या. मी उठले व्हते, तू बी ऊठ. मला आता लय दिस न्हाईत. मांगवाड्यातले म्हणतेत तुमी बाटलेले, आमच्यात पुरू देणार न्हाई. ह्यांनी बी न्हाई म्हणलं तर मला कुठं टाकशील?"

जिवंतपणी हक्काची वीतभर जमीन मिळाली नाही, त्या बाईला मेल्यावरची तरी हवी होती. मी म्हटलं, उठते. मनापासून म्हटलं.

रविवारी माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. तमाशाला गर्दी व्हायचीच. भाकर आणि प्याला टेबलावर पांढऱ्या कापडाखाली. पाळकसाहेब म्हणाले, देवापुढं शांत होऊ या. सगळ्यांनी डोळे मिटले.

मी गुडघ्यावर हात ठेवला. जोर दिला. आणि मनात आलं, मी उठले तर कशाची माफी मागणार? दार उघडलं त्याची. म्हणजे दार उघडणं हे पाप, आणि बंद करणं ही भक्ती. देवाच्या समोर उठून मी हे खरं आहे म्हणून सांगणार. ते लेकरू मेलं ते बरोबर झालं म्हणून सांगणार.

हातातला जोर गेला. मी बसून राहिले.

मास्तर खाकरले. ती खूण होती. मी बसून राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "अजून थोडा वेळ आपण शांत राहू." बाकं करकरली. मायीच्या छातीतली घरघर माझ्या कानाशी. तिनं कोपरानं मला ढोसलं. एकदा, परत एकदा. भीती गेली नव्हती. मी भीतीसकट बसले. आणि इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या घटकेला जमलं. डोळ्यांपुढं कुणाचे पाय आले नाहीत. मी होते आणि तो होता. मला काही मागायचं नव्हतं. तोही काही म्हणत नव्हता. पण ऊठ असंही म्हणत नव्हता.

तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. माझ्या वाटणीची माफी मागायला माझी माय उठायली होती. भिंतीला हात लावून, दम खात, अर्धी उभी राहिली होती.

मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "बस."

त्या शांततेत एवढा एकच शब्द. तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. ती खाली बसली. बसली काय, कोसळली. ती रडायली होती, आवाज न करता.

पाळकसाहेबांनी प्याल्यावरचं कापड काढलंच नाही. तेढ असताना भोजन देता येत नाही म्हणाले. त्या दिवशी कुणालाच प्याला मिळाला नाही. बाहेर पडताना बाकावरच्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही याचं मला काही नव्हतं. चटईवरच्या म्हाताऱ्या रूथआजीनं अडवलं. म्हणाली, "तुझ्यापायी आमचा बी प्याला गेला की गं." ते मात्र काळजात घुसलं.

किल्ली काढून घेतली. आम्हाला मंडळीबाहेर काढलं. माय पहाटे भिंतीला टेकून बसायची ते सुटलं नाही, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पुढच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. जायच्या आधी एकदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तू माझी माती घालवलीस."

या वाक्यात दुसरा काही अर्थ आहे का, ते मी पुष्कळ शोधलं. नाही. तेवढाच अर्थ आहे.

ती गेली तेव्हा मी मास्तरांच्या दारात गेले. आता खरं सांगते, मी हात जोडले. जे चर्चमध्ये जोडले नव्हते ते दारात उभं राहून जोडले. म्हटलं, माझं चुकलं, मायीला जागा द्या. घरात प्रेत, वैशाखाचं ऊन. माझं सगळं अवसान गळालं होतं. त्या वेळी त्यांनी पाय धर म्हटलं असतं तर पायही धरले असते.

मास्तर शांतपणे म्हणाले, "इथे नाही. रविवारी ये. सगळ्यांसमोर."

रविवार लांब होता. प्रेत रविवारपर्यंत थांबत नाही हे शाळामास्तराला कळत नसेल? कळत होतं. माझ्या जोडलेल्या हातांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बाकांना ते दिसायला हवे होते. समेट त्यांना कधी नकोच होता. इतकी वर्षं आमच्यातली माणसं उठत होती, वाकत होती आणि परत येऊन चटईवर बसत होती, ती देवासाठी नाही. चटई कुठं आहे हे दर महिन्याला दाखवायला.

मी हात सोडले. तिथून निघाले.

पारूमावशी घरी येऊन बसली होती. तिनं विचारलं नाही, काय झालं. म्हणाली, "आमच्या जागेत आण. आमी काय जागा उचलून न्यायलाव?" बौद्धवाड्यातल्या पोरांनी खड्डा काढला. ख्रिस्ती माणूस मी एकटी. गाणं उचलून धरणारं दुसरं कुणी नव्हतं. मग सगळे नुसते उभे राहिलो. ज्यांना देवाच्या घरातून बाहेर काढलं होतं, त्यांनी माझ्या मायीला माती दिली. तरी तिला हवी होती ती ही माती नव्हे. हे मी विसरत नाही, आणि कुणी मला समजूत घालायला येऊ नये.

वर्षं गेली. नामांतराचा नामविस्तार झाला, बौद्धवाड्यात जिलेबी वाटली. पारूमावशी तोवर गेली होती. तिच्या सुनेनं माझ्याही दारात पानावर जिलेबी आणून ठेवली. त्याच सुमाराला नवे पाळकसाहेब आले, तरुण, भला माणूस. माझ्या घरी खाली बसून चहा प्याले. म्हणाले, जुनं झालं ते झालं, बाहेरही आता समेट झालाय, तुम्ही परत या. एकदा उठा, हात जोडा. मास्तर आता म्हातारे झालेत.

मी म्हटलं, "येते की. पण उठणार न्हाई. बाकावरलं कुणीतरी उठून पारूमावशीच्या सुनेच्या दारात जाईस्तोवर मी प्याला घेणार न्हाई. तवर तुमी प्या. पण माझ्यासमोर प्यावा लागंल."

त्यांनी विचारलं, हा हट्ट नाही का. म्हटलं, हाय. त्यांनी तो मानला; माझ्यापायी बाकीच्यांचा प्याला अडवणार नाही म्हणाले.

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाते. चटईवर, टेबलाच्या अगदी समोर. शांततेची वेळ होते. मास्तर खाकरतात. मी बसून राहते. प्याला बाकांवरून फिरतो आणि प्रत्येकाला तो माझ्यादेखत तोंडाला लावावा लागतो. काही जण मान खाली घालतात, काही घाईनं घोट घेतात. प्याला माझ्यापर्यंत येतो. मी हात पुढं करत नाही. एक दिवस माझाही दम संपेल आणि मलाही त्यांच्या स्मशानात जागा मिळणार नाही. नको. बाकावरचा माणूस उठेपर्यंत मी जागची हलणार नाही.