अलीडा कोइस्ट्रा पैसे उडवते

आमच्या वेस्टरकर्कमध्ये त्या वर्षी मक्याच्या काढणीच्या दिवसांत एकच कुजबुज होती. अलीडा कोइस्ट्राने नवऱ्याला शुश्रूषागृहात टाकलं, म्हाताऱ्याची आयुष्यभराची साठवण महिन्याभरात उडवली, आणि आता ती लाल गाडीत एका टोपीवाल्याला शेजारी बसवून आडरस्त्यांनी हिंडते. हिंडते ते हिंडते, लोकांच्या गोठ्यांपाशी गाडी थांबवून बसते. हा शेवटचा तपशील फ्लॉसी व्हान झांटेनचा. फ्लॉसी रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांना कॉफी देते; कॉफी एक वेळ पातळ असेल, बातमी कधी पातळ नसते.

टोपीवाल्यावर मी विश्वास ठेवायला तयार होतो. पंचाहत्तरीच्या बायकांचं मला काही सांगता येत नाही, माझ्या घरात एक आहे. पण अलीडाने पैसे उडवले? ही माझ्या बायकोची चुलतबहीण. (आयोवाच्या या कोपऱ्यात कोण कोणाची चुलतबहीण नाही, ते शोधणं अवघड.) ही बाई पावाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. प्रवचन चालू असताना आम्ही सगळेच पेपरमिंटच्या गोळ्या चघळतो, नाहीतर आमच्या पाद्रींचं बोलणं ऐकवत नाही. अलीडा मात्र एक गोळी दातांनी फोडून अर्धी हार्लनला द्यायची. पाद्रीबुवा फारच लांबले, तर दुसरी.

हार्लन तिचा नवरा. चाळीस वर्षं गावोगावच्या गोठ्यांतून दुधाचा टँकर भरून डेअरीला पोचवायचा. बोलका माणूस, लाल रंगाचा शौकीन. प्रत्येक वेळी लाल गाडी घ्यायची म्हणायचा आणि प्रत्येक वेळी अलीडा कोणाचीतरी वापरलेली करडी गाडी घेऊन यायची. ईस्टरनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. तिथून तो तीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात. रोज नर्स, रोज व्यायाम, रोज बोलायला शिकवणारी एक पोरगी. अलीडा रोज आपल्या करड्या खटाऱ्यातून त्याला भेटायला जायची.

म्हाताऱ्यांचा सरकारी विमा अशा शुश्रूषेचे पैसे शंभर दिवस देतो, पुढे हात वर करतो. ऑगस्टमध्ये त्याने हात वर केले. महिन्याचं बिल पाहून अलीडाला खुर्ची शोधावी लागली. मग ती टेन हाकेन नावाच्या वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं ते असं. गरिबांसाठीची सरकारी मदत हार्लनचा पुढचा खर्च उचलेल, पण साठवण ठरावीक रेषेखाली आल्यावरच. निम्मी साठवण बायकोला ठेवता येते. उरलेली संपायला हवी. कोणाला देऊन टाकायची नाही, लपवायची नाही. मात्र राहतं घर दुरुस्त करा, एक गाडी घ्या, दात बसवा, दोघांच्या अंत्यविधीचे पैसे आधी भरा, हे सगळं चालतं. पण महिना संपायच्या आत. नाहीतर पुढच्या महिन्याचं बिल त्यातूनच जाईल, त्याच्या पुढचंही, आणि छपरातून गळतं ते गळतंच राहील, खटारा हिमात बंद पडेल, आणि हार्लन तिकडे वाट बघत बसेल.

अलीडा म्हणाली, "मला पैसे खर्च करता येत नाहीत."

"कोइस्ट्राबाई, तुम्ही नाही केले तर शुश्रूषागृह करेल. त्यांना छान येतं."

हे तिला पटलं. तिथून निघताना तिने वकीलबाईंच्या फीमध्ये घासाघीस केली. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, बाई, ही फीसुद्धा त्याच पैशांतून जायची आहे, कृपा करून पूर्ण भरा.

पण सवय कुठे जाते? छप्परवाल्याने आकडा सांगितला, अलीडाने नुसतं "हं" केलं, आणि तो घाबरून खाली आला. दातांच्या डॉक्टरने रोख पैशांवर सूट दिली. अंत्यविधीवाल्या ब्रामरने तर कहर केला. एकदम दोन शवपेट्या घेणारं गिऱ्हाईक त्याला कधी मिळालं नव्हतं. त्याने दुसरीवर मोठी सूट दिली आणि वर कॅलेंडर दिलं. अलीडा आमच्याकडे येऊन स्वयंपाकघरात रडकुंडीला आली. म्हणाली, "हल्ली कोणी पूर्ण पैसे घेतच नाही." मी हसलो, तर बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

महिना संपत आला आणि पैसे उरलेच होते. राहिली होती गाडी. गाड्या विकणाऱ्या ड्वेनच्या दुकानात तिने एक वापरलेली करडी गाडी हेरली होती. तिच्याशेजारी एक नवी कोरी मोठी व्हॅन वर्षभर धूळ खात उभी होती: चाकाची खुर्ची आत घ्यायला उतरती फळी, आणि रंग असा लाल की आमच्या गावात कोणी तिच्याजवळ उभं राहायलाही धजत नव्हतं. अलीडाने दोन्हींचे फोटो काढले आणि हार्लनकडे गेली. त्या दिवशी माझी बायको सोबत होती, म्हणून हे मला ठाऊक.

आधी तिने त्याला ब्रामरच्या सवलतीची गोष्ट सांगितली. झटक्यानंतर हार्लन पहिल्यांदा हसला, अर्ध्या तोंडाने, खांदे हलवून. बोलायला शिकवणारी पोरगी दारात थांबली. मग अलीडाने त्याच्यापुढे फोन धरला. करडी गाडी दाखवली. व्हॅन दाखवली.

"लाल," हार्लन म्हणाला.

स्पष्ट. चार महिन्यांतला पहिला शब्द. अलीडाने विचारलं, "काय म्हणालास?"

"लाल. घे."

ती तडक ड्वेनकडे गेली. ड्वेनने किंमत सांगितली आणि सवयीने लगेच पडतं घ्यायला तोंड उघडलं. अलीडा त्याला म्हणाली, "गप बस, ड्वेन." आणि पूर्ण किमतीचा चेक लिहिला. ड्वेन आजही ही गोष्ट सांगताना टोपी काढतो.

पुढच्या महिन्यात मदत मंजूर झाली. हार्लन आहे तिथेच राहिला, व्यायाम चालू, रोज दोन-तीन शब्दांची भर. त्यातले काही चर्चमध्ये चालणार नाहीत. छप्पर गळायचं थांबलं. अलीडा नव्या दातांनी हसते तेव्हा फ्लॉसी कॉफी सांडते. परवा प्रवचनात अलीडाने मला अख्खी गोळी दिली; मी ती खिशात घालून घरी आणली, दाखवायला.

आणि फ्लॉसी मला आडून आडून विचारते, तो टोपीवाला कोण, म्हणून सांगून टाकतो. तो हार्लन होता. नर्सच्या परवानगीने अलीडा त्याला दुपारी बाहेर काढायची आणि त्याच्या जुन्या दुधाच्या फेरीवरून नेऊन परत आणायची. टोपी डेअरीची होती.