सोनार बिशप आणि उज्ज्वल शेजवळची सही

उज्ज्वल शेजवळचा राग नाकावर, असं त्याची आई म्हणायची. कसला नाकावर! नाकावर असता तर लोकांना आधी दिसला तरी असता. त्याचा राग पोटात साठायचा आणि भलत्याच माणसावर निघायचा. त्या गुरुवारी तो निघाला तेराशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका बिशपवर.

उज्ज्वल अंबरनाथच्या फाउंड्री कामगाराचा मुलगा. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि शिकण्यावाचून सुटका नाही ही रोजची तंबी. डिप्लोमा केला, वेल्डिंग तपासायचं काम शिकला आणि गेली अकरा वर्षं परदेशात, तुआसच्या एका जहाजबांधणीच्या यार्डात इन्स्पेक्टर आहे. राहायला बुकित पंजांगमध्ये, नवव्या मजल्यावर. देव नाही, नवस नाही, चमत्काराचं नाव काढलं की टाळकं सरकतं.

यार्डात गेल्या गेल्या तो एक काम करायचा: रॉड ठेवायच्या ओव्हनवर तळहात टेकवायचा. वेल्डिंगचे रॉड गरम ठेवावे लागतात. इथल्या दमट हवेत चार तास उघडे राहिले की ते ओल धरतात, मग जोड वरून चकचकीत दिसतो आणि आतून तडकतो. बाकीचे इन्स्पेक्टर मीटर बघायचे. उज्ज्वल म्हणायचा, मीटर थापा मारतो, चटका थापा मारत नाही.

त्या सोमवारी ओव्हन गार होता. त्याने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणजे प्रमोद, पुण्याचा, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर सगळ्यात पुढे. प्रमोद म्हणाला, "पार्ट मागवलाय रे, काम थांबवू नकोस." काम थांबलं नाही. बुधवारी तपासणीत जोड तडकलेला निघाला. गुरुवारी संध्याकाळी प्रमोदने कागद पुढे सरकवला.

"एकच ओळ लिहायचीये. वेल्डरचा निष्काळजीपणा. क्लायंट शनिवारी येतोय. आणि हो, तुझ्या इथल्या वर्क पासचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर आहे बरं का."

उज्ज्वलने ओळ लिहिली, खाली सही ठोकली. शफीकुल नावाच्या बांगलादेशी वेल्डरचं परमिट रद्द, शनिवारी परतीचं विमान. झालं!

घरी आला तर लेक एकता टेबलावर पसारा मांडून बसलेली. पोरीची शाळा मिशनरी, प्रत्येकाला एकेका संताचा प्रोजेक्ट. तिने मुद्दाम धातुकाम करणाऱ्यांचा संत निवडला होता, पप्पांचा म्हणून. फ्रँक लोकांच्या राज्यातला एलिजियस. आधी सोनार, मग बिशप.

"पप्पा, घोडा शांत उभा राहीना, तर ह्याने त्याचा पायच काढला, नाल ठोकली आणि पाय परत लावला!"

"वा रे वा! आणि त्या जोडाची तपासणी कुणी केली?" उज्ज्वल खेकसला. "थापाड्या लेकाचा!"

"चिल लाह, पप्पा. ती नुसती गोष्ट आहे." इथल्या बोलीत 'लाह' लावणारी पोरगी हटणारी नव्हती. राजाने एका सिंहासनापुरतं सोनं दिलं, ह्याने गुंजभरही न ढापता दोन सिंहासनं करून दिली. मग राजाची नाणी पाडायचं काम ह्याच्याकडे आलं, आणि त्या नाण्यांवर ह्याचं स्वतःचं नाव आहे. तिने चित्र पुढे धरलं. "नाव घातलं की सोनं कमी भरलं तर कुणाला पकडायचं ते कळतं, ना?"

उज्ज्वलने चित्र बाजूला ढकललं.

"आणि बंदरात गुलामांचं जहाज आलं की हा जाऊन अख्खं जहाज विकत घ्यायचा. सगळ्यांना सोडून द्यायचा. घरी जा नाहीतर इथे राहा, तुमची मर्जी."

"राजाचा लाडका होता तो!" उज्ज्वलने टेबलावर हात आपटला, कागद उडाले. "राजाच्या जिवावर कुणीही संत होईल! त्याचा पास कोण रद्द करणार होतं, सांग ना! त्याला पोरीची शाळा होती? घरभाडं होतं?"

सुलेखा पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. लग्नाला सतरा वर्षं झालेली बाई, तिला काय कळायचं राहणार?

"पास कुठून आला मध्येच? काय करून आलायस आज?"

त्याने सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ओव्हन गार आहे हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"मग त्या मेलेल्या बिशपवर कशाला भुंकतोस? लाज नाही वाटत?" आत पोळी करपली. तिकडे कुणी बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी उज्ज्वलने नवा रिपोर्ट लिहिला. ओव्हन सोमवारपासून बंद, मॅनेजरला सांगितलं होतं, कालचं मत चुकीचं, मागे घेत आहे. क्लायंटला थेट पाठवला आणि एक प्रत प्रमोदच्या टेबलावर आपटली.

"डोकं फिरलंय का तुझं?" प्रमोदचा चेहरा लालबुंद. "आपलाच माणूस आपल्या मुळावर उठला! त्या बंगाल्यासाठी?"

"आपला माणूस? रिन्यूअलची धमकी देताना कुठे गेला होता आपला माणूस? रोखा माझा पास, जा!"

दुपारपर्यंत शफीकुलचं तिकीट थांबलं. ही बातमी द्यायला उज्ज्वल स्वतः कामगारांच्या डॉर्मिटरीत गेला. फोनवर सांगता आलं असतं की! पण खरं सांगायचं तर त्याला आभार ऐकायचे होते.

शफीकुल बॅगेला दोरी बांधत होता. त्याने सगळं ऐकलं. दोरी सोडली नाही.

"सोमवार को आपने ओव्हन पे हाथ रखा था. मैं बाजू में खड़ा था."

"हां."

"मैंने बोला, साहब, रॉड गीला है. आपने बोला, वेल्ड मारो."

उज्ज्वलला हे आठवत होतं. प्रमोदशी बोलून परत येताना, चालता चालता बोलला होता तो. हा शब्द त्याने ना सुलेखाला सांगितला होता, ना नव्या रिपोर्टात घातला होता.

"फिर मेरे नाम पे साइन किया." शफीकुलचा आवाज चढला, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. "मैंने माँ को फोन किया, मेरा काम खराब निकला, वापस आता हूँ. वो रातभर रोई. अब थैंक्यू बोलूँ आपको?"

त्याने नंबर लावला आणि फोन उज्ज्वलच्या तोंडासमोर धरला.

"आप बोलो. मैं बंगाली में बताता हूँ."

पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"माँजी," तो म्हणाला, "रॉड गीला था. मुझे मालूम था. मैंने बोला था, मारो."

शफीकुलने ते शब्दन्‌शब्द आईला सांगितलं. सांगताना त्याने उज्ज्वलकडे एकदाही बघितलं नाही.